सेलेनियम आणि सेपिया: एकाच प्रिंटवर दोन टोन कसे आणावेत

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. ती ज्या छोट्या दगडी वास्तूत आहे तिथे भर दुपारीही सावली असते आणि बाहेर कृष्णेकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ऊन तापत असते. या दृश्याची १२० फिल्मवरची एक निगेटिव्ह माझ्याकडे आहे. साध्या कृष्णधवल प्रिंटमध्ये घंटेचा काळा आणि मागच्या भिंतीचा काळा एकमेकांत बुडून जातात आणि पायऱ्यांचा करडा नुसता करडाच राहतो. तीच प्रिंट सेलेनियम आणि सेपिया या दोन्ही टोनरमधून, म्हणजे प्रतिमेचा रंग बदलणाऱ्या द्रावणांमधून, नेली की सावल्या वांग्याच्या सालीसारख्या जांभळट काळ्या होतात, दगडावरचे ऊन तपकिरीकडे झुकते, आणि आत काय व बाहेर काय हे डोळ्याला लगेच कळते. या पद्धतीला स्प्लिट टोनिंग म्हणतात. ती अवघड नाही, पण तिच्यात दोन जागा अशा आहेत की जिथे घाई केली तर प्रिंट हातची जाते, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या दोन जागांवरच खर्च होणार आहे.

पाण्यात काय घडते

डेव्हलप झालेल्या प्रिंटमधली प्रतिमा ही धातुरूप चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. सेलेनियम टोनर या चांदीचे रूपांतर सिल्व्हर सेलेनाइडमध्ये करतो. रंगातला बदल आधी सर्वांत गडद सावल्यांत दिसू लागतो आणि मग हळूहळू मधल्या करड्या छटांकडे चढत जातो. सेपियाचे काम दोन टप्प्यांत होते. आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांचे ब्लीच चांदीचे सिल्व्हर ब्रोमाइड करते, त्यामुळे प्रतिमा फिकट पिवळसर होऊन जवळजवळ नाहीशी होते. मग थायोयुरियाच्या किंवा सोडियम सल्फाइडच्या द्रावणात त्या ब्रोमाइडचे सिल्व्हर सल्फाइड होते आणि प्रतिमा तपकिरी होऊन परत येते. उजळ भागांत मुळातच चांदी थोडी असते, म्हणून ब्लीच तिथली चांदी आधी संपवते आणि मग खाली सावल्यांकडे उतरते.

म्हणजे एक रसायन सावल्यांकडून वर चढते आणि दुसरे उजेडाकडून खाली उतरते. त्यात आणखी एक गोष्ट आपल्या सोयीची आहे: ज्या चांदीचे एकदा सेलेनाइड झाले ती नंतर ब्लीचला दाद देत नाही, आणि ज्या चांदीचे सल्फाइड झाले तिच्यावर सेलेनियमचा परिणाम होत नाही. त्यामुळे जे रसायन आधी पोहोचेल ती जागा त्याची. या दोघांची गाठ करड्या छटांच्या नेमक्या कोणत्या पायरीवर पडावी हे ठरवणे, आणि त्या पायरीच्या किंचित अलीकडे प्रिंट ट्रेमधून बाहेर काढणे, एवढेच आपल्या हातात असते. म्हणून ट्रे भरण्याआधी कोरडी प्रिंट समोर ठेवून हे ठरवून घ्यावे. मेणवलीच्या प्रिंटमध्ये माझी गाठ कमानीच्या आतल्या कडेवर आहे. तिथे बाहेरचा प्रकाश दगडावरून परतून आत येतो आणि घंटेच्या कडेला हलकेच लागतो.

जाता जाता एक. घरोघरी जुन्या अल्बममध्ये जे तपकिरी फोटो असतात ते सगळे सेपिया टोन केलेले असतात असा सर्रास समज आहे, पण एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ प्रिंट अल्ब्युमेन पेपरवरच्या आहेत, आणि त्या कागदाचा स्वतःचाच रंग तपकिरी येत असे. सेपिया हा शब्दही मुळात फोटोग्राफीचा नाही. आपल्याकडे कोकणात ज्याला म्हाकूल म्हणतात त्या कुळातल्या, आणि ज्याचे हाड आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळते, त्या सागरी प्राण्याच्या शाईवरून हे नाव आले. सेलेनियमला मात्र बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली ग्रीक चंद्रदेवतेचे नाव दिले.

पेपर

टोनिंगचा निम्मा निकाल पेपर निवडतानाच लागतो. क्लोरोब्रोमाइड इमल्शनचे (इमल्शन म्हणजे कागदावरचा प्रकाशसंवेदी थर), म्हणजे वॉर्मटोन म्हणून विकले जाणारे, फायबर (एफबी) म्हणजे प्लॅस्टिकचा लेप नसलेले पेपर सेलेनियममध्ये खुलून रंग बदलतात. इल्फर्डचा मल्टिग्रेड एफबी वॉर्मटोन सावकाश आणि अंदाज येईल अशा रीतीने बदलतो, त्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी तोच घ्यावा असे माझे मत आहे. चेक प्रजासत्ताकातल्या फोमा कंपनीचा फोमाटोन एमजी क्लासिक अधिक उत्कट आहे. त्यात सेलेनियमचा तांबूस रंग इतक्या झपाट्याने चढतो की नवख्या हाताला थांबायची वेळ कळत नाही. इल्फर्डचा एफबी क्लासिक मध्यम आहे. आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप असलेल्या, पेपरवर सेलेनियमने काळा थोडा गहिरा होतो, पण रंगाचा फरक नगण्य राहतो आणि दोन टोनांची गंमत येत नाही. सेपिया मात्र आरसीवरही नीट चढतो.

रसायने आणि भांडी

सेलेनियम टोनर तयार द्रावणाच्या बाटलीतच विकत घ्यावा. सेलेनियमची पूड घेऊन घरी टोनर बनवण्याच्या फंदात पडू नये, कारण ती पूड श्वासावाटे जाणे धोक्याचे आहे. तयार टोनरमध्ये सेलेनियमच्या क्षाराबरोबर थायोसल्फेट, म्हणजे फिक्सरमधलेच (पेपरातला न वापरलेला चांदीचा क्षार विरघळवणारे) द्रव्य, असते. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी, पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे. १ भाग टोनर आणि ९ भाग पाणी हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. फोमाटोनसारख्या चपळ पेपरसाठी मी १ भागाला १९ भाग पाणी घेतो.

ब्लीचसाठी ५० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि ५० ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिली साठा करावा आणि तो तपकिरी बाटलीत ठेवावा. प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात. संपूर्ण सेपिया करायचा असेल तर हा साठा १+९ प्रमाणात वापरतात, पण आपल्याला अर्धवट थांबायचे आहे, म्हणून तो १+१९ किंवा त्याहूनही पातळ घ्यावा. २५ मिली साठ्यात ४७५ मिली पाणी घातले की ८×१० इंची ट्रेपुरते अर्धा लिटर ब्लीच होते. दाट ब्लीचमध्ये सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो आणि तेवढ्यात नजर आणि हात यांचा मेळ बसत नाही.

सेपियाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी सोडियम सल्फाइडऐवजी थायोयुरिया घ्यावा. सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, त्याची वाफ न वापरलेला पेपर खराब करते आणि आम्लाशी संपर्क आल्यास त्यातून विषारी वायू निघतो. फ्लॅटमधल्या मोरीत ही ब्याद कुणी आणू नये. थायोयुरियाचे १० टक्क्यांचे आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे १० टक्क्यांचे अशी दोन वेगळी द्रावणे करावीत. हायड्रॉक्साइड म्हणजेच कॉस्टिक सोडा. तो नेहमी थंड पाण्यात थोडा थोडा सोडावा, कोरड्या सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते उकळून अंगावर उडते. वापरायच्या वेळी दोन्हींचे ५०-५० मिली आणि पाणी ४०० मिली असे मिश्रण केले की मध्यम तपकिरी रंग मिळतो. थायोयुरिया ८० मिली आणि हायड्रॉक्साइड २० मिली घेतले तर रंग पिवळसर, मधाच्या जवळ जातो. प्रमाण उलटे केले तर चॉकलेटसारखा गडद आणि थंड होतो. सावल्यांत सेलेनियमची जांभळट झाक असेल तर पिवळा सेपिया तिच्याशेजारी भडक दिसतो, म्हणून मी बहुधा समसमान प्रमाणावरच थांबतो. मिश्रण टिकत नाही. त्या बैठकीपुरतेच करावे.

सुरक्षेच्या बाबतीत संकोच नको. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत, थायोयुरियाबद्दल कर्करोगाचा संशय आहे आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, चालू एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघरात परत कधीही न जाणारी भांडी, यांत तडजोड करू नये. फेरीसायनाइडमध्ये तीव्र आम्ल पडू देऊ नये. सेलेनियमच्या ट्रेमधून अमोनियाचा उग्र दर्प येतो, त्यामुळे त्यावर वाकून पाहण्याचा मोह टाळावा. सेलेनियम वापरून झाल्यावर मोरीत ओतू नये. तो गाळून परत बाटलीत भरता येतो, मंद झाला की थोडा ताजा टोनर मिसळून महिनोन्‌महिने चालतो, आणि तळाशी जमणारा काळा गाळ गाळणीच्या कागदात अडकतो. अगदी निकामी झालेला टोनर आणि तो गाळ घातक कचरा घेणाऱ्या व्यवस्थेकडेच द्यावा.

ट्रे आणि चिमटे प्लॅस्टिकचे असावेत. जुन्या बाजारात एनॅमलचे सुंदर ट्रे मिळतात, पण त्यांची खपली उडालेली असेल तर उघड्या लोखंडाशी फेरीसायनाइडचा संयोग होऊन प्रिंटवर निळे ठिपके पडतात, आणि ते जात नाहीत. गंजलेल्या पाइपातून येणाऱ्या पाण्यानेही हेच होते. आमच्या जुन्या इमारतीत सकाळी नळाला पहिले पाणी येते ते चहाच्या रंगाचे असते. मी ते पाच मिनिटे वाहू देतो आणि ब्लीचसाठी तरीही गाळलेले पाणीच घेतो.

टोनिंगसाठी प्रिंट काढताना

टोन करायची प्रिंट ही भिंतीवर लावायच्या प्रिंटपेक्षा थोडी वेगळी काढावी लागते. सेपियात उजळ भागांतल्या नाजूक छटा थोड्या उडतात, आणि सेलेनियममध्ये काळा अधिक खोल होतो. म्हणून दहा सेकंदांचे एक्स्पोजर असेल तर एखादा सेकंद जास्त द्यावा, म्हणजे उजेडाच्या भागात झेपेल एवढा करडा शिल्लक राहतो. सावल्यांत मात्र थोडा तपशील उघडा ठेवावा. साध्या प्रिंटमध्ये जो काळा जेमतेम भरल्यासारखा दिसतो तो सेलेनियमनंतर ठासून भरतो. अँसेल अॅडम्ससारखे छायाचित्रकार सेलेनियम वापरत ते रंगापेक्षा या खोलीसाठी आणि टिकाऊपणासाठी.

डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ द्यावी. फायबर पेपरला दोन ते तीन मिनिटे लागतात, आणि प्रिंट जास्त काळी होतेय म्हणून मध्येच बाहेर ओढली तर टोन डागडागांत चढतो. एकाच निगेटिव्हच्या किमान चार प्रिंट काढाव्यात: एक टोन न करता ओली ठेवून तुलनेसाठी, एक कापून पट्ट्या करण्यासाठी आणि दोन खऱ्या कामासाठी. ही चौथी प्रिंट अनेकांना चैन वाटते. पहिली बिघडल्यावर वाटत नाही.

धुणे

इथे पहिली घाईची जागा आहे. ताज्या हार्डनरविरहित (इमल्शन कडक करणारे द्रव्य नसलेल्या) फिक्सरच्या दोन ट्रेमधून प्रिंट न्यावी. जुना फिक्सर मायेपोटी वापरत राहिले तर पेपरात उरलेले हॅलाइड, म्हणजे न विरघळलेला चांदीचा क्षार, सेलेनियममध्ये तपकिरी डाग म्हणून उगवते. खात्री करण्याची युक्ती सोपी आहे: धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या किनारीवर १+९ सेलेनियमचा एक थेंब टाकावा, दोन-तीन मिनिटांनी टिपून घ्यावा, आणि तिथे पिवळट डाग दिसला तर प्रिंट पुन्हा फिक्स करावी.

मग पाच मिनिटे वाहते पाणी, त्यानंतर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सोडियम सल्फाइट घातलेल्या द्रावणात दहा मिनिटे, आणि मग पुन्हा अर्धा तास धुणे. सल्फाइटमुळे कागदाच्या धाग्यांत रुतलेला हायपो, म्हणजे थायोसल्फेट, लवकर सुटतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायटीत अर्धा तास नळ सोडणे परवडत नाही. तिथे दर पाच मिनिटांनी ट्रेमधले पाणी पूर्ण बदलावे, प्रिंट उलटसुलट करावी आणि असे सहा ते आठ वेळा करावे. पाणी कमी लागते आणि काम तितकेच चोख होते.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण थायोसल्फेट आणि फेरीसायनाइड एकत्र आले की जे मिश्रण तयार होते ते फार्मर्स रिड्यूसर म्हणून ओळखले जाते. हॉवर्ड फार्मर यांनी १८८३ साली ते प्रसिद्ध केले आणि निगेटिव्ह मुद्दाम फिकट करण्यासाठी ते आजही वापरतात. ते चांदीचे ब्रोमाइड करून थांबत नाही, ती चांदी विरघळवून पाण्यात घेऊन जाते, आणि गेलेली चांदी कोणत्याही टोनरने परत येत नाही. सेलेनियममध्येही थायोसल्फेट असते हे वर सांगितले आहे. म्हणजे फिक्सरनंतर चांगली धुतलेली प्रिंटसुद्धा सेलेनियममधून काढून नुसती खंगाळून ब्लीचमध्ये टाकली तर तोच घात होतो. माझ्या पहिल्या स्प्लिट टोन प्रिंटवर पावसाळी ढग होते. सेलेनियमनंतर मी ती दोन मिनिटे नळाखाली धरली, ब्लीचमध्ये टाकली आणि ढगांच्या जागी कोरा कागद मिळाला. सेपियाच्या ट्रेमध्ये तो कोराच राहिला. त्या दिवसापासून दोन टोनरांच्या मधले धुणे मी पहिल्या धुण्याइतकेच, सल्फाइटसह, पुरते करतो.

सेलेनियम आधी, सेपिया नंतर

माझी नेहमीची वाट हीच आहे, कारण तिच्यात सावल्या आधी सुरक्षित होतात. ही सगळी कामे घरातल्या साध्या उजेडात करता येतात. खिडकीजवळ, पण थेट ऊन नसेल अशा जागी ट्रे मांडावेत. पिवळ्या बल्बखाली सेपियाचा अंदाज हमखास चुकतो.

धुतलेली प्रिंट सेलेनियमच्या ट्रेमध्ये तोंड वर करून सरकवावी आणि ट्रे सतत, पण सावकाश हलवत राहावे. शेजारच्या साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये टोन न केलेली ओली प्रिंट असावी, नाहीतर बदल इतका हळू होतो की डोळा त्याला सरावतो आणि काहीच घडत नाहीये असे वाटत राहते. २४ अंश सेल्सिअसला वॉर्मटोन पेपरवर पहिल्या मिनिटात फारसे काही दिसत नाही. मग कधीतरी लक्षात येते की शेजारच्या प्रिंटचा काळा हिरवट वाटू लागला आहे. हिरवट झालेला तो नव्हे, आपला काळा तांबूस झालेला असतो. हीच खूण. इथून पुढे दर पंधरा सेकंदांनी सावलीतला एकच ठरलेला ठिपका पाहावा. मी घंटेच्या ओठाखालचा काळोख पाहतो. तिथे जांभळट झाक स्पष्ट झाली, पण कमानीचा मधला करडा अजून तटस्थ असला की प्रिंट उचलावी, पाच सेकंद निथळू द्यावी आणि ताबडतोब पाण्यात टाकावी. साधारण दोन ते चार मिनिटांत हे होते, पण घड्याळापेक्षा त्या ठिपक्यावर भरवसा ठेवावा. करडाही तांबूस झाला तर सेपियाला जागा उरत नाही आणि सगळी प्रिंट एकरंगी होते.

यानंतर वर सांगितलेले पुरते धुणे.

आता ब्लीच, म्हणजे घाईची दुसरी जागा. ट्रेमध्ये प्रिंट एका हालचालीत पूर्ण बुडवावी, अर्धी बुडून अर्धी वर राहिली तर सीमारेषा कायमची उमटते. १+१९ ब्लीचमध्ये दहा-पंधरा सेकंदांत सर्वांत उजळ छटा विरू लागतात. मेणवलीच्या पायऱ्यांवर हे फार स्पष्ट दिसते: आधी दगडाच्या कडेवरचे ऊन पुसल्यासारखे होते, मग पायरीचा सपाट भाग गव्हाळ पिवळा पडतो, मग दोन दगडांमधली दरज तेवढी करड्या रेघेसारखी उरते, आणि तिच्या मागे मंडपातला काळोख जसाच्या तसा असतो. ती दरज फिकट व्हायला लागायच्या आधी प्रिंट उचलायची. पाण्यात गेल्यावरही पेपरात भिजलेले ब्लीच काही क्षण काम करत राहते, म्हणून ठरवलेल्या जागेच्या थोडे अलीकडेच थांबावे. गडबड वाटली तर प्रिंट बाहेर काढून पाण्यात बुडवावी, निवांत पाहावी आणि हवी तर पुन्हा ब्लीचमध्ये टाकावी. थोडे थोडे ब्लीच करण्यात काही तोटा नाही.

ब्लीच जास्त झालेच तर एक परतीची वाट आहे आणि ती फार थोड्या जणांना ठाऊक असते. प्रिंट नीट धुवून, पिवळेपणा गेल्यावर, घरातल्या उजेडातच साध्या पेपर डेव्हलपरमध्ये टाकली की ब्रोमाइडची पुन्हा चांदी होते आणि प्रतिमा परत येते. रंगात किंचित फरक पडू शकतो, पण पुन्हा धुवून, कमी वेळ ब्लीच करून नव्याने सुरुवात करता येते. थायोयुरियात टाकल्यानंतर मात्र ही वाट बंद होते, आणि थायोसल्फेट उरलेले असेल तर ती मुळातच उघडी नसते.

ब्लीचनंतर कागदाचा पांढरा भाग लिंबासारखा पिवळा दिसतो. तो पूर्ण पांढरा होईपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटे, धुवावे. मग थायोयुरियाचा ट्रे. तिथे तपकिरी रंग काही सेकंदांतच उसळून येतो, पण एक-दोन मिनिटे प्रिंट आतच ठेवावी, कारण हा टप्पा पूर्णत्वाला नेण्याचा आहे. इथे आधी थांबून रंग हलका राखता येत नाही. छटा बदलायची असेल तर दोन द्रावणांचे प्रमाण बदलावे, वेळ नव्हे. शेवटी फायबर पेपर सल्फाइटसह तास-पाऊण तास धुवावा.

सेपिया आधी, सेलेनियम नंतर

ढग, धुके, पांढरी साडी, चुन्याची भिंत असे विषय असतील, जिथे प्रिंटचा जीव उजळ भागांतच असतो, तिथे उलटा क्रम बरा पडतो. धुतलेली प्रिंट आधी थोडकीच ब्लीच करून सेपियात न्यावी, पुरती धुवावी आणि मग सेलेनियममध्ये टाकावी. उरलेली सगळी चांदी आता सेलेनियमची असते, त्यामुळे तिथे कितीही वेळ थांबले तरी उजेडाचा रंग हलत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. थायोयुरियाचा टप्पा अर्धवट राहिला असेल तर उरलेले ब्रोमाइड सेलेनियममधल्या थायोसल्फेटने विरघळून जाते आणि उजेडातला तपशील हरवतो. म्हणून इथे थायोयुरियाला तीन मिनिटे द्यावीत.

दोन्ही क्रमांतला फरक वाचून कळत नाही. कापलेल्या प्रिंटच्या चार पट्ट्या घ्याव्यात: एक न बदललेली, एक फक्त सेलेनियमची, दोन क्रमांच्या दोन. त्या वाळवून एका पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात आणि मागे पेपर, प्रमाणे, वेळ लिहून ठेवावेत. पेपरचा नवा खोका उघडला की मी ही पट्टी पुन्हा करतो.

उन्हाळा आणि पावसाळा

टोनरांच्या वेळांचे तक्ते युरोपातल्या पाण्यासाठी लिहिलेले असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि त्या पाण्यात सेलेनियम व ब्लीच दोन्ही इतके चपळ होतात की सगळे अंदाज कोलमडतात. इमल्शन मऊ होऊन चिमट्याचा ओरखडा पडतो ते वेगळेच. मी आदल्या रात्री माठ भरून ठेवतो. सकाळी त्यातले पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असते आणि रसायनांना तेवढे पुरते. धुण्याचे पाणी त्याहून थोडे कोमट असले तरी चालते, पण एकदम गार पाण्यातून एकदम गरम पाण्यात प्रिंट टाकू नये.

पावसाळ्यात प्रश्न वाळवण्याचा असतो. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवावी, प्रिंट टिपून तोंड खाली करून त्यावर ठेवावी आणि पंखा दूरवर, मंद चालू ठेवावा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये एका फायबर प्रिंटला दोन दिवसही लागतात. तोवर ती कपाटात बंद केली तर बुरशी धरते. वाळल्यावर सगळ्या छटा थोड्या गडद दिसतात, आणि ओलेपणी सुखद वाटलेला सेपिया कधी कधी ढोबळ वाटतो, म्हणून अंतिम निर्णय वाळलेली पट्टी हातात घेऊनच करावा.

मेणवलीच्या प्रिंटच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने मी लिहिलेले आहे: वॉर्मटोन, सेलेनियम १+९, २५ अंश, ३ मिनिटे १५ सेकंद, धुणे ४० मिनिटे, ब्लीच १+१९, २५ सेकंद, थायोयुरिया व कॉस्टिक समसमान. त्याखाली, दुसऱ्या दिवशी उन्हात पाहून, आणखी एक ओळ: पुढच्या वेळी ब्लीच पाच सेकंद कमी, तिसऱ्या पायरीची दरज गेली.